अरुंद बाजाररस्त्यावरील हवेचे प्रारूप: सीएफडी वापरावे की साधे प्रारूप पुरेसे आहे?

प्रश्न – नगररचना_विद्यार्थी

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी पुण्यातील लक्ष्मी रस्त्याचा अर्धा किलोमीटरचा तुकडा निवडला आहे. दोन्ही बाजूंना सलग इमारती, खाली दुकाने आणि एकेरी, संथ वाहतूक असे त्याचे स्वरूप आहे. पादचाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर प्रदूषण किती असते आणि रस्ता वाहनांसाठी बंद केल्यास ते किती घटेल, हे मला काढायचे आहे. मार्गदर्शकांचा कल सीएफडीकडे, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर बारीक जाळीत सोडवण्याच्या पद्धतीकडे, आहे. मात्र माझ्याकडे एकच साधा संगणक आणि सहा महिने आहेत. ओपनफोम हे सीएफडीचे सॉफ्टवेअर शिकण्यात वेळ घालवावा, की ओएसपीएमसारखे रस्त्यावरील प्रदूषणाचे साधे प्रारूप पुरेल? पीएम २.५ (हवेतील अतिसूक्ष्म कण) हाच निकष ठेवावा का?

उत्तर – वारा_आणि_वास्तू

प्रथम रस्त्याचा आडवा छेद काढा. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण ०.७ पटीहून अधिक झाली, की आडवा वारा छतांवरून सरळ निघून जातो आणि खाली रस्त्यात एकच भोवरा फिरत राहतो. हा भोवरा जमिनीलगत उलट्या दिशेने वाहत असल्याने, ज्या बाजूने वारा येतो त्याच बाजूच्या इमारतींच्या पायथ्याशी धूर साचतो आणि समोरच्या पदपथावर तुलनेने स्वच्छ हवा उतरते. त्यामुळे मोजमापाचे यंत्र कोणत्या पदपथावर ठेवले, यावर आकडा चांगलाच बदलतो.

डेन्मार्कमध्ये विकसित झालेले ओएसपीएम याच चित्रावर उभे आहे. वाहनाकडून थेट येणारा धूर, भोवऱ्यात फिरून परत येणारा धूर आणि छतावरील पार्श्वभूमी प्रदूषण (शहराच्या हवेत आधीच असलेले) यांची ते बेरीज करते. शिवाय वाहनांच्या हालचालीने होणारी घुसळणही त्यात धरलेली आहे. पुण्यातील हिवाळी पहाटे वारा जवळपास पडलेला असतो. अशा वेळी ही शेवटची बाब निर्णायक ठरते, आणि नेमकी तीच सामान्य सीएफडी मांडणीत बहुधा सुटते.

उत्तर – जाळी_बारीक

सीएफडी अगदीच टाळावी असे मला वाटत नाही, पण तिचा खर्च आधी समजून घ्यावा. युरोपातील कॉस्ट ७३२ या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेनुसार सर्वांत उंच इमारतीच्या उंचीच्या किमान पाचपट जागा वर आणि सुमारे पंधरापट जागा वारा बाहेर पडतो त्या बाजूला मोकळी सोडावी लागते, तर रस्त्याच्या रुंदीत गणनेच्या जाळीच्या निदान १० पेशी (घरे) असाव्या लागतात. काळानुसार सरासरी घेतलेल्या के-एप्सिलॉन या सीएफडीतील नेहमीच्या पद्धतीत छताच्या पातळीवरील घुसळण कमी येते आणि रस्त्यातील धूर वास्तवाहून अधिक दिसतो. मग अनेक जण प्रक्षुब्ध श्मिट अंक (घुसळणीने धूर किती पसरतो हे ठरवणारा अंक; तो लहान केला की धूर अधिक पसरतो) ०.७ वरून खाली ओढून आकडे जुळवून घेतात. हे जुळवणे म्हणजे पडताळणी नव्हे, हे परीक्षक लगेच ओळखतात.

तरीही एक सवलत आहे. तापमानाचा परिणाम आणि वाहनांची घुसळण बाजूला ठेवली, तर प्रवाहाची आकृती वाऱ्याच्या वेगाने बदलत नाही. म्हणून वाऱ्याच्या आठ किंवा सोळा दिशांसाठी एकेकदाच गणित सोडवावे आणि तासागणिक मूल्ये उत्सर्जनाच्या सम व वेगाच्या व्यस्त प्रमाणात काढावीत. वारा मंद झाला की मात्र हे प्रमाण मोडते.

उत्तर – उत्सर्जन_नोंदवही

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण तुमच्या प्रबंधाचा निकाल जाळीच्या बारकाईवर ठरणार नाही. तो उत्सर्जन आणि पार्श्वभूमी यांच्यावर ठरेल. दुचाकी, रिक्षा, मोटार आणि टेम्पो यांची तासागणिक गणना स्वतः करा. पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतीय वाहनांसाठी उत्सर्जन गुणांक (दर किलोमीटरला किती प्रदूषक बाहेर पडतो) काढलेले आहेत. परंतु दर दहा पावलांवर थांबणाऱ्या वाहनाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, म्हणून सरासरी वेगही नोंदवा.

पीएम २.५ हा एकमेव निकष ठेवू नये. त्याचा मोठा हिस्सा शहरभरातून आणि बाहेरून आलेला असतो, त्यामुळे रस्ता बंद केल्याचा परिणाम त्यात बुडून जातो. पीएम १० मध्ये (त्याहून मोठ्या कणांसह) उडणाऱ्या धुळीचा गोंधळ असतो. वाहतुकीची खूण नायट्रोजन ऑक्साइडांत स्पष्ट दिसते. त्यातही पडताळणी एकूण ऑक्साइडांवर करा, कारण नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी संयोग पावून रस्त्यातच नायट्रोजन डायऑक्साइड होत असते आणि उपलब्ध ओझोन त्याला मर्यादा घालतो. एक यंत्र पदपथावर आणि एक आसपासच्या छतावर ठेवा; या दोहोंतील फरक हाच तुमच्या प्रारूपाने सांगायचा आकडा आहे.

नगररचना_विद्यार्थी

सर्वांचे आभार. ओएसपीएम मुख्य ठेवून सीएफडी दोन-तीन दिशांपुरतीच करतो. रस्ता बंद असतानाची स्थिती मात्र केवळ संगणकावरच तपासावी लागेल, असे दिसते.

उत्तर – उत्सर्जन_नोंदवही

तसे नाही. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळला, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता. असा दिवस पुन्हा येणार असेल, तर त्या दिवशी आणि आधीच्या व नंतरच्या आठवड्यात आठवड्याच्या त्याच दिवशी दोन्ही यंत्रांच्या नोंदी घ्या. बंद काळात पदपथ आणि छत यांतील फरक शून्याच्या जवळ आला नाही, तर शेजारच्या रस्त्यावर वळवलेली वाहतूक आणि दुकानांचे डिझेल जनित्र यांचा हिशेब धरावा लागेल. अनंत चतुर्दशीला रस्ता वाहनांसाठी बंद असला, तरी ती तारीख यासाठी घेऊ नका. मिरवणुकीतील ट्रॅक्टर आणि जनित्रे त्या दिवशी सगळे गणित बिघडवतात.