मदत हवी आहे: सिंगापूरच्या निकालाची नागपुरात अंमलबजावणी, दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) की नवा दावा?

नमस्कार मंडळी. सिंगापूर हायकोर्टाचा निकाल हाती आहे. त्यात दोन गोष्टी आहेत: प्रतिवादीने ठराविक रक्कम द्यावी, आणि नागपूरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतले ४० टक्के शेअर्स वादीचे आहेत अशी घोषणा. प्रतिवादी हजर झाला नव्हता.

पैशाचं कोडं सोपं आहे. सिंगापूर हा भारत सरकारने अधिसूचित केलेला देश, म्हणजे तिथले पैशाचे निकाल इथे थेट अंमलात आणता येतात, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) कलम ४४अ खाली थेट नागपूर जिल्हा न्यायालयात दरखास्त. प्रमाणित प्रत आहे, पण किती वसुली झाली याचा तिथल्या कोर्टाचा दाखला नाही. तो आधी मागवतोय, कारण कायद्यानेच तो प्रतीसोबत लागतो. सीपीसीच्या आदेश २१ नियम २२ खाली प्रतिवादीला द्यायची नोटीसही सहसा चुकवता येत नाही.

खरी अडचण शेअर्सची. ४४अ फक्त पैशाच्या हुकूमनाम्यांना लागतं, म्हणून घोषणेसाठी निकालावर आधारित दावा लावावा लागेल. त्याला मुदत ३ वर्षं, आणि अडीच होत आली! शिवाय एकतर्फी निकाल पुरावा न तपासता दिला असेल, तर सीपीसीचं कलम १३(ब) आडवं येतं: गुणदोषांवर न दिलेला परदेशी निकाल इथे निर्णायक धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या इंटरनॅशनल वुलन मिल्स निकालात हेच झालं. इथे निकालपत्रात साक्षीच्या प्रतिज्ञापत्राचा एक परिच्छेद आहे. तेवढा पुरेसा ठरतो का?

दुसरं, कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव लावण्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम ५९ खाली मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) आधी जावं, की इथला दावा आधी लावावा? असं प्रकरण कुणी चालवलं असेल तर क्रम नक्की सांगा.