ई-बुक रीडर: गावात राहून वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

दारव्हेकर मास्तर
मंडळी, अॅमेझॉनचा नवा किंडल पेपरव्हाइट, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा विचार करून राहिलो आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत होती १६,९९९ रुपये. आमच्याकडे पैशाचा हिशेब कापसात होतो. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे दोन क्विंटल कापूस जाऊन वर थोडे पैसे. ७ इंची पडदा, १६ जीबी, पाण्यात पडला तरी चालतो, हे कंपनी सांगतेच. मला वेगळंच विचारायचं आहे. मराठी नीट वाचता येतं का, मे महिन्यात त्याचं काय होतं, आणि नव्याची नवलाई संपली की तो कपाटात जातो का? शहरातल्यांनी रागावू नये, पण गावातले अनुभव आधी येऊ द्या.

संत्रावाला, वरुड
मास्तर, मी तुमच्याएवढा शिकेल नाही, पण माह्याजवळ जुनं सहा इंची यंत्र हाय अन् ते जागलीवर चालते. रानडुकरं, रोही काही झोपू देत नाहीत, त्यात शेतीची लाइन रातची. मोटर सुरू केली का रातभर वावरातच. आधी मोबाइल घेऊन बसत व्हतो. पण मोबाइल वाचू देते काय? एक व्हिडिओ पाह्यला का पहाट व्हते. याच्यात व्हिडिओच नाही, मंग माणूस झक मारून पुस्तक वाचते.

उजेड कमी करता येते, हे लय कामाचं. रातच्याले मोबाइल उघडला का किडे तोंडावर. याचा उजेड इतका मंद ठेवता येते का फक्त पान दिसते. चार्जिंगचं तं मी इसरूनच जातो. गावातली लाइन जाते, मोबाइल मरते, हे जित्तंच. पोरगा म्हणे का पडद्यात काळे-पांढरे बारीक कण असतात, पान पलटवलं तेव्हाच त्याईले करंट लागते, मंग पान तसंच थांबून राह्यते. अन् दिवसा धुऱ्यावर उन्हात बसलं तरी अक्षर कागदासारखं. मोबाइल तिथं आंधळा व्हते.

घ्या राजेहो. पण सतरा हजाराचंच घ्या, असं काही नाही.

अभ्यासिकेतला, चिमूर
मी उलट सांगतो. स्पर्धा परीक्षेसाठी घेणार असाल तर घेऊ नका. आमच्या नोट्स, शासनाचे अहवाल, बालभारतीची पुस्तकं, सगळं पीडीएफ. मोठ्या कागदासाठी मांडलेलं पान लहान पडद्यावर आलं की अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर, मग सरकवत बसा. नकाशे काळे-पांढरे, जिल्ह्यांचे रंग ओळखायची सोय नाही.

जुन्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफची तर वेगळीच कथा. ती युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसते, आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वरून देवनागरीचा साज. ईपबमध्ये, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणाऱ्या ई-बुकच्या फाइलमध्ये, बदलायला गेलात की साज उतरतो आणि हाती कचरा येतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटोच, त्यातलं अक्षर वाढत नाही. त्याच पैशांत रंगीत टॅब येतो. डोळे दुखतात, मान्य. पण परीक्षा डोळ्यांची नाही. माझा रीडर आता रात्री कथा-कादंबऱ्या वाचण्यापुरता आहे, आणि त्याला मात्र तोड नाही.

झाडीपट्टीची सून, अर्जुनी मोरगाव
आमच्याकडे सासूबाईंसाठी घेतला. बारीक टाइपाची पुस्तकं त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जमेनात. आता अक्षर एवढं मोठं केलंय की पानावर जेमतेम सात-आठ ओळी मावतात. पान पटकन संपतं, त्यामुळे आपण खूप वाचलं असं त्यांना वाटतं आणि त्या खूश असतात! संध्याकाळी उजेड पिवळसर करून देते.

पुस्तकांवर फारसा खर्च झालेला नाही. लेखक वारल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो, तशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. ईपब मोबाइलवर उतरवते आणि तिथूनच रीडरला पाठवते. ती सगळी युनिकोड, त्यामुळे चिमूरच्या भाऊंचा त्रास इथे नाही. जोडाक्षरंही नीट दिसतात.

एक सांगते, पान पलटायला बटण पाहिजे होतं. धानाच्या कामानं सासूबाईंची बोटं रखरखीत झालीत. कधी पान हलत नाही, कधी दोन एकदम जातात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घ्यायचा असेल तर आधी त्यांच्याच हातात देऊन बघा.

वाचनालयवाले, मेहकर तालुका
‘ड’ वर्गाचं वाचनालय चालवतो, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. एक पुस्तक २५० रुपयांचं धरलं तर १७ हजारांत ६८ पुस्तकं येतात आणि ती गावभर फिरतात. रीडरवरचं पुस्तक तुम्ही शेजाऱ्याला देऊ शकत नाही. खरं म्हणजे तुम्ही पुस्तक घेतच नाही, वाचायचा परवाना घेता. किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं यंत्रात टाकता यायची, ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद झाली. आमच्या कपाटाला वाळवी लागते, खरं आहे. पण वाळवी अटी बदलत नाही. मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ पासून मिळतात, तरी आमच्याकडे लोक मागतात ते प्रत्येक पुस्तक मिळेलच असं नाही.

संत्रावाला, वरुड
सर, तुमचं वाचनालय सांजच्याले उघडते. मी रातच्या दोनला पुस्तक कोठून आणू?

वाचनालयवाले, मेहकर तालुका
संध्याकाळीच दोन घेऊन जात जा ना भाऊ.

ब्रह्मपुरीकर
उन्हाळ्याचं विचारलंत म्हणून. माहितीपत्रकात वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलंय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घरात कूलरजवळ वापरला, काही झालं नाही. गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत लिथियमची बॅटरी आहे.

धारणीचा गुरुजी
मेळघाटात रेंजचा भरवसा नाही, पण पुस्तक एकदा उतरलं की रेंज लागत नाही. बाजाराच्या दिवशी धारणीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आठवड्याचं वाचन भरून घेतो. नुसत्या मजकुराचं पुस्तक एक-दोन एमबीचं, तेव्हा १६ जीबी मला तरी भरणार नाही, जास्त जागेसाठी पैसे मोजू नका. वर्गात मात्र उपयोग झाला नाही. पहिली-दुसरीच्या पोरांना रंगीत चित्रं लागतात. दोन मिनिटं हाताळून त्यांनी परत दिला.

दारव्हेकर मास्तर
सगळ्यांचे आभार. माझं वाचन कथा-कादंबऱ्यांचं, पीडीएफ क्वचितच, तेव्हा चिमूरची अडचण मला नाही. नवा लगेच घेत नाही. दारव्हा, दिग्रस, नेरकडे कोणाला जुना सहा इंची विकायचा असेल तर कळवा, रविवारी येऊन पान पलटून बघतो.