घरातलं चांदणी कासव: हौस की गुन्हा?

गोदाकाठ
परवा इंदिरानगरला ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला गेलो. हॉलमध्ये काचेच्या पेटीत, चार बोटं पाण्यात, चांदणी कासव. "लक्ष्मी टिकते," म्हणाले. हे जमिनीवरचं कासव, कोरड्या माळावर गवत खाणारं. पाण्यात ते आजारी पडून मरतं. घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. २०१९ साली सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या जागतिक करारात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. कुणीतरी पिशवीत भरून आणलेलं. माझ्या मते विकत घेणाराही तितकाच दोषी.

सातपूरकर
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्याकडे मकाव या मोठ्या पोपटांची जोडी आहे. परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेली, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेली. त्यांचं खाणं रोज पहाटे मी स्वतः करतो. आणि स्पिक्स मकाव बघा. ब्राझीलच्या रानातला शेवटचा पक्षी २००० साली दिसेनासा झाला. जात वाचली ती खासगी संग्रहांमुळे. २०२२ मध्ये त्यांच्यातलेच पक्षी परत रानात सोडले.

तपोवनातली
दादा, तुमच्या मायेवर शंका नाही. पण तो रानातून संपला कशाने? अधिवास गेला, आणि उरलेले याच हौसेच्या बाजारासाठी पकडले. जितके कमी उरले तितका भाव चढला.

निफाडकर
आमच्याकडे मांडुळाचं तेच. दोन तोंडांचा म्हणून लाखांचे भाव सांगतात, गुप्तधन काय, पैशांचा पाऊस काय. बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारा साप. पकडली जातात मजुरीवर जाणारी पोरं. पैसे लावणारा कधी समोर येत नाही. नुसत्या बंदीवर माझा विश्वास नाही.

सातपूरकर
मीही तेच म्हणतो. पैदाशीला परवाने द्या, चोरटा बाजार बसेल.

तपोवनातली
पिल्लू पैदाशीचं की माळावरून उचललेलं, बघून सांगता येईल? कासव वाढवायला वर्षं जातात, उचलायला दोन मिनिटं. परवान्याच्या आडून रानातलंच विकलं जाईल. निफाडकरांचं मात्र पटतं. केस आधी गिऱ्हाइकावर व्हावी.

गोदाकाठ
रविवारी त्यांच्याकडे परत जातोय. कासव स्वतःहून वनखात्याला द्या म्हणून सांगणार, त्यांचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर लावून देतो म्हणणार. ते म्हणत होते, नकोच असेल तर गोदावरीत सोडून देऊ. तसं केलं तर बुडेल ते. त्यांच्या धाकटीने त्याचं नाव ठेवलंय. तिला कसं समजवायचं, तेवढं सुचत नाहीये.