८०८५ : आरएसटी म्हणजे एका बाइटचा जंपच ना? प्रोग्रॅम मधेच गंडतोय

जुनीचिप :
मंडळी, ८०८५ (जुना ८-बिट मायक्रोप्रोसेसर) च्या किटवर खेळतोय. प्रोग्रॅम २०००एच ते २०३एफएच (शेवटचा एच म्हणजे हेक्स आकडा), एसपी (स्टॅक पॉइंटर) सुरुवातीलाच २०सी०एच ला लावलाय. लूपमधून आरएसटी ५ (रीस्टार्ट, एका बाइटची इन्स्ट्रक्शन) मारतो, रॉममधून उडी मारून ते माझ्या डिस्प्ले रुटीनवर येतं आणि तिथून जेएमपी (जंप) २००३एच करून परत लूपला. थोडा वेळ मस्त चालतं, मग डिस्प्लेवर कचरा दिसतो आणि किट रिसेट केल्याशिवाय हलत नाही. जंपने गेलो, जंपने आलो, मग अडतंय कुठे?

असेंब्लीवाला :
जंपने गेलाच नाहीस ना, आरएसटी हा कॉल आहे, म्हणजे काम झालं की परत यायची उडी. जेएमपी पीसीमध्ये (प्रोग्रॅम काउंटर, पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते ठेवणारा) नवा पत्ता भरतो आणि मोकळा होतो, पण आरएसटी आधी परतीचा पत्ता स्टॅकवर (एसपी दाखवतो ती मेमरीतली तात्पुरती जागा) टाकतो आणि मग ५ गुणिले ८ म्हणजे ००२८एच ला जातो. तू आरईटी (रिटर्न, तो पत्ता उचलून परत जाणं) करत नाहीस, त्यामुळे दर फेरीला दोन बाइट तिथेच पडून राहतात आणि एसपी खाली सरकत जातो. कोडचा शेवट आणि एसपीच्या मधे जागा आहे १२८ बाइट, म्हणजे ६४ फेऱ्या, आणि ६५व्या पुशला (स्टॅकवर टाकण्याला) २०३ईएच-२०३एफएच वरचा तुझाच कोड खाल्ला जातो. रुटीनमध्ये आत आणखी कॉल असतील तर त्याच्याही आधी. शेवटी आरईटी टाक, बास.

बिटकिडा :
+१. एका बाइटचं कारण पण भारी आहे. ८०८० (८०८५ च्या आधीचा प्रोसेसर) मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवायची बाहेरची विनंती) मान्य झाला की बाहेरचं हार्डवेअर डेटा बसवर इन्स्ट्रक्शन ठेवतं, एकच बाइट ठेवायचा असला की सर्किट सोपं पडतं. म्हणून ११एनएनएन१११ असा ओपकोड (इन्स्ट्रक्शनचा कोड), मधल्या तीन बिटांत नंबर. सगळे बिट १ झाले की एफएफ, म्हणजे आरएसटी ७, आणि कोऱ्या ईप्रॉममध्ये (प्रोग्रॅम साठवायची चिप) सगळीकडे एफएफच असतं, त्यामुळे भरकटलेला प्रोग्रॅम तिकडे घुसला की थेट ००३८एच ला जाऊन पडतो. तिथे एखादा एरर दाखवणारा कोड ठेवला तर डिबगिंगला लई उपयोग होतो.

जुनीचिप :
ओके, आरईटी टाकतो. फ्लॅग (आधीच्या गणिताचा निकाल सांगणारे बिट) पण आपोआप सेव्ह होतात का?

असेंब्लीवाला :
८०८५ मध्ये नाही, रुटीनच्या सुरुवातीला पुश पीएसडब्ल्यू (अ‍ॅक्युम्युलेटर आणि फ्लॅगची जोडी) आणि आरईटीच्या आधी पॉप पीएसडब्ल्यू तुलाच लिहावं लागेल. ८०८६ (नंतरचा १६-बिट प्रोसेसर) चा आयएनटी (इंटरप्ट इन्स्ट्रक्शन) मात्र फ्लॅग आणि परतीच्या पत्त्याचे सीएस, आयपी असे तिन्ही पुश करतो, वर इंटरप्ट फ्लॅगही बंद करतो, म्हणून तिथे साधा आरईटी चालत नाही, आयआरईटीच (इंटरप्ट रिटर्न) लागतो.