हाडपिंजर की सांगाडा?

दांडियाबाजारची मावशी
आमच्या बडोद्याच्या वाचनकट्ट्यावर वाचायला म्हणून कॅथी राइक्सच्या टेम्परन्स ब्रेनन मालिकेतल्या पहिल्या कादंबरीची (१९९७) दोन प्रकरणं मराठीत करतेय. नायिका मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत नुसत्या हाडांवरून मेलेलं माणूस कोण ते शोधते. तिचा 'फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट' हा हुद्दा मी 'न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ' असा केला, तर कट्ट्यावरचे एकजण म्हणाले, वाचेस्तोवर चहा गार झाला. दुसरा पर्याय सुचवा. शिवाय मी 'हाडपिंजर' लिहिलं होतं. पुण्याची भाचेसून म्हणाली, "मावशी, हा गुजराती शब्द आहे." मी तर जन्मभर हाच ऐकत आलेय!

रावपुरेकर
भाचेसून बरोबर आहे. मराठीत सांगाडा किंवा सापळा.

मांडवीचा भाऊ
सापळा नको हो! 'पोलिसांना झाडीत सापळा सापडला' म्हटलं की मला लाचलुचपतवालेच दिसतात. आणि हाडपिंजरात गुजराती काय आहे? अस्थिपंजर चालतो ना? पंजर संस्कृतातला, आपला पिंजरा त्याचाच. अस्थी काढून हाड घातलं, एवढंच. हाड तर दोघांचंही.

रावपुरेकर
मग 'अस्थिपंजर'च लिहा. शुद्ध आहे, सगळ्यांना कळतो.

दांडियाबाजारची मावशी
अस्थी म्हटलं की मला चांदोदचा नर्मदेचा घाट आणि गुरुजीच आठवतात. गोणीत भरून पुरलेल्या बाईच्या हाडांना अस्थी म्हणायला जीभ वळत नाही.

रावपुरेकर
अस्थिभंग झाला तर चांदोदला जाता का?

जुना डॉक्टर
हाडाचं राहू द्या, हुद्दा आधी बघा. न्यायवैद्यक म्हणजे फॉरेन्सिक मेडिसिन, ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचं काम. ब्रेनन ती डॉक्टर नव्हेच. प्रेत कुजलेलं, जळलेलं, तुकडे झालेलं असलं, चेहऱ्यावरून काही कळेनासं झालं, की तिला बोलावतात. कटीच्या हाडावरून बाई की पुरुष, मांडीच्या हाडावरून उंची. गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात उशिरा, विशी सरता सरता पुरतं सांधतं, म्हणून तरुण माणसाचं वय ठरवायला ते फार कामाचं. महाराष्ट्रात सरकारी पाटीवर 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असतं. त्यावरून 'न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ' करा. 'वंश' गाळा, त्या शब्दाला नको ते वास येतात.

विश्वामित्रीकाठ
इरावतीबाई कर्व्यांना आपण मानववंशशास्त्रज्ञच म्हणत आलो. त्यांनाही वास येतो का?

जुना डॉक्टर
बाईंचं नाव घेतलं की वाद संपतो असं समजू नका. आणि 'न्यायसहायक' ऐकून लोकांना कोर्टातला कारकून वाटेल, हेही मान्य.

मांडवीचा भाऊ
डॉक्टरसाहेब, गळ्याचं हाड काय, सरळ हांसडी म्हणा की.

रावपुरेकर
हीसुद्धा गुजराती!

मांडवीचा भाऊ
माझी आजी साताऱ्याची. ती हासळी म्हणायची.

रावपुरेकर
साताऱ्याची आजी बडोद्यात किती वर्षं होती?

विश्वामित्रीकाठ
सयाजीरावांनी १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' काढवला, त्यात मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी सगळ्या शेजारी शेजारी. बडोद्याला शेजारचा शब्द कधी परका वाटला नाही. आता आपण सोवळं नेसून बसायचं?

रावपुरेकर
तो कारभाराचा कोश, त्यात प्रेतं नाहीत. आणि शेजारी ठेवणं म्हणजे मिसळणं नव्हे. महाराजांना मिसळायचं असतं तर एकच रकाना पुरला असता.

नवी वाचक
'बोन्स' मालिकेतली ब्रेनन हीच का? मी सगळे भाग पाहिलेत.

दांडियाबाजारची मावशी
नावापुरती. ती मालिका (२००५ ते २०१७) वॉशिंग्टनमध्ये घडते, आणि तिथली ब्रेनन स्वतः कादंबऱ्या लिहिते. तिच्या नायिकेचं नाव कॅथी राइक्स! पुस्तकातली ब्रेनन चाळिशीची, दारू सोडलेली, नॉर्थ कॅरोलायनाची. मॉन्ट्रियलला येऊन-जाऊन काम करते, आणि तिथे कचेरीत सगळं फ्रेंच. घरची भाषा एक, कामाची दुसरी.

मांडवीचा भाऊ
म्हणजे आपल्यातलीच की! तिच्या तोंडी हाडपिंजर शोभेल.

रावपुरेकर
शोभेल, पण ती मॉन्ट्रियलची आहे, मांडवीची नव्हे. पुण्याच्या वाचकाला तळटीप द्यावी लागली तर भाषांतर कसलं?

दांडियाबाजारची मावशी
अहो, कट्ट्यावर वाचायचंय, पुण्याला पाठवायचं नाहीये. आणि हुद्द्याचं काय? शनिवारी वाचन आहे.

नवी वाचक
'हाडवैद्य' चालणार नाही का?

जुना डॉक्टर
नाही! हाडवैद्य जिवंत माणसाचं हाड बसवतो.

मांडवीचा भाऊ
बसवण्यावरून आठवलं. माझी सासू पाय मुरगळला की 'घुटी गेली' म्हणते. घोट्याला घुटी म्हणणारं आणखी कोणी आहे का इथे? रावपुरेकर, तुम्ही थांबा, तुमचं उत्तर माहीत आहे.