‘व्यवसायोपचार’मधला ‘व्यवसाय’ कुठला?

सातारकर सूनबाई : आत्यांना (माझ्या सासूबाई) स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘व्यवसायोपचार’ (ऑक्युपेशनल थेरपी, ओटी) लिहून दिलंय. मामा (सासरे) विचारतात, आता या वयात हिला कसला व्यवसाय? त्यांना पटेल असा शब्द सुचवा. आणि पाहुणे सरळ ‘म्हातारचळ’ म्हणतात, त्याचंही बघा.

फलटणकर : इथे धंदा-नोकरी अभिप्रेत नाही. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं यात येतं : अंघोळ, लुगडं नेसणं, चहा टाकणं, तुळशीला पाणी घालणं. गुडघा किती वाकतो हे भौतिकोपचारात (फिजिओथेरपीत) बघतात. त्या गुडघ्यानं आत्या न्हाणीत नीट उतरतात का, हे इथे बघतात. त्यानं आजार बरा होत नाही, हे मामांना आधीच सांगा. पण स्वतःचं स्वतः करणं जास्त दिवस टिकू शकतं. आपल्याकडे हे शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं. आमच्या फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं.

वाईकर : मग सरळ ‘हाताला चाळा’ म्हणा की.

कोरेगावची लेक : चाळा नको. चाळा म्हणजे वेळ घालवायला काहीतरी. माझ्या आईचा जन्म वाघ्या घेवडा निवडण्यात गेला. उपचाराला येणाऱ्या ताईंनी हेच आधी विचारून घेतलं आणि तिच्यापुढे सूप ठेवायला लावलं. आईला वार सांगता येत नव्हता, माझं नाव चुकायचं, पण किडका दाणा बोटांना बरोबर लागायचा. नावं आणि ताज्या गोष्टी आधी जातात, हातात मुरलेली सवय बरीच उशिरा जाते. निवडलेल्या घेवड्याची त्याच दिवशी उसळ व्हायची आणि ती आईच्या ताटात पडायची. म्हणून ते काम. नुसते मणी ओवायला दिले असते तर मीही चाळाच म्हटलं असतं. मामांना सांगा, ‘आत्यांना त्यांचं काम परत करता यावं म्हणून.’

कपड्यांचंही तसंच. ‘आवरून घे’ म्हटलं की ती गोंधळायची. परकर, पोलकं, लुगडं अशी चळत लावून एकेक हातात दिलं आणि ‘हात घाल’ एवढंच म्हटलं, की जमायचं.

फलटणकर : ‘म्हातारचळ’ मात्र सोडाच. त्यात आजार दिसत नाही, माणसाचा स्वभावच बिघडल्यासारखा वाटतो. ‘स्मृतिभ्रंश’ गीतेत दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे तो क्रोधातून येतो. हा मेंदूचा आजार आहे, रागालोभाचा नाही. घरात ‘विसरण्याचा आजार’ म्हणा, पाहुण्यांनाही तेच सांगा.

सातारकर सूनबाई : मामांना ‘त्यांचं काम’ पटलं. आत्या शेवया फार सुबक करायच्या, तिथून सुरुवात करू. तज्ज्ञांना काय म्हणून विचारायचं?

कोरेगावची लेक : ‘व्यवसायोपचारतज्ज्ञ’ असं पूर्ण म्हणा. दवाखान्यात नुसतं ‘ओटी कुठंय’ विचारलंत तर ऑपरेशन थिएटरकडे पाठवतील.