एकाच सकाळी दुसऱ्यांदा भेटणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना काय म्हणावे?

सकाळचा फिरस्ता, पणजी (प्रश्न)

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी मिरामारच्या वाळूवर चालायला जातो. तेथे एक गृहस्थ नेमाने भेटतात. कधीतरी एका लग्नात शेजारच्या पाटावर बसलो होतो, तेवढीच आमची ओळख. त्यांचे नाव मला आठवत नाही आणि आता ते विचारण्याची वेळही टळून गेली आहे. पहिली भेट कशीबशी निभावते. 'नमस्कार', 'नमस्कार', 'आज उकाडा फार', इतके झाले की आपापल्या वाटेने जाता येते. मात्र ते करंझाळ्याच्या बाजूने येतात आणि मी पणजीच्या, त्यामुळे दोघेही आपापल्या टोकाला वळून परतलो की पुन्हा समोरासमोर येतो. वाळू सपाट, मध्ये आडोसा नाही, माणूस दोनशे पावलांवरून ओळखू येतो. इतक्या लांबून हसायला सुरुवात केली तर ते हसू जवळ येईपर्यंत तोंडावर टिकत नाही; आणि समुद्राकडे पाहण्याचे नाटक करावे तर ते त्यांनाही कळत असणार, कारण नेमके त्याच वेळी तेही समुद्राकडेच पाहत असतात. काल मी दुसऱ्यांदाही 'नमस्कार' म्हणालो, तेव्हा पहिला मी विसरलो की काय, अशा चेहऱ्याने ते क्षणभर थबकले. अशा वेळी आपण काय करता?

फेरीबोटीचा प्रवासी, चोडण

आपल्याला निदान चालत पुढे जाता येते. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताच एखाद्या ओळखीच्या माणसाला नमस्कार करून टाकला, की पलीकडचा काठ येईपर्यंत बोलायचे काय, हा प्रश्न उरतो, आणि मांडवीत उतरून जाण्याची सोय नाही. अनेक वर्षांनी मला उमगले की आमच्या बोटीतले जुने प्रवासी हा नमस्कार शेवटासाठी राखून ठेवतात. सारा वेळ प्रत्येकजण पाण्याकडे किंवा आपल्या स्कूटरच्या आरशाकडे पाहत उभा असतो; चोडणचा धक्का जवळ आला, स्कूटरी सुरू झाल्या, की त्या घरघराटात मान वळवून 'कितें, बरें मू?' असे विचारायचे, आणि उत्तर ऐकू येण्याच्या आत फळी खाली पडते.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

समुद्राकडे पाहण्याला आपण नाटक म्हणू नये. अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या संशोधकांनी माणसे एकमेकांना कशी भेटतात याचे चित्रीकरण बारकाईने तपासून १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दिसते ते असे, की लांबून मान हलवून किंवा हात उंचावून पहिली दखल घेतली जाते, मग चालत जवळ येताना नजर दुसरीकडे वळते, आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा डोळ्याला डोळा भिडून हसू व शब्द येतात. आपली पंचाईत होते ती लांबची खूण गाळल्यामुळे. दोनशे पावलांवरून एकदा हात वर करावा आणि मग खुशाल समुद्र पाहावा. दुसऱ्या भेटीत शब्द वापरूच नयेत, असे माझे मत आहे. शाळेच्या व्हरांड्यात एका सहशिक्षिकेची आणि माझी दिवसातून सात-आठ वेळा गाठ पडे. सकाळी नमस्कार होई, मधल्या सुट्टीपर्यंत नुसती मान हले आणि शेवटच्या तासाला भुवया तेवढ्या उरत.

अंत्रुजकर, फोंडा

बाईंचे म्हणणे शाळेपुरते ठीक आहे. बाजारात मी एकदा पत्नीच्या मामांना अशीच नुसती मान हलवली होती, तर संध्याकाळपर्यंत 'जावयाला शिष्टपणा आला' अशी तक्रार घरी पोहोचली.

मला विचाराल तर दोष 'नमस्कार' या शब्दाचाच आहे. तो भेटीचा आरंभ करणारा शब्द आहे आणि एकाच भेटीचा आरंभ दोनदा करता येत नाही. आपल्याकडे लिहिताना मराठी असली तरी वाटेवर तोंडात कोंकणी येते, आणि तिच्यात यासाठी 'खंय गेल्लो?' हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'हांगाच', म्हणजे इथेच. कुठे गेला होता हे विचारणाऱ्यालाही जाणून घ्यायचे नसते आणि सांगणाऱ्यालाही सांगायचे नसते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये प्रशांत महासागरातल्या मेलानेशिया बेटांवरील 'कुठून आलास?' या अभिवादनाविषयी हेच लिहिले आहे: दोन माणसे गप्प समोरासमोर आली की जो नकोसा ताण येतो, तो मोडण्यासाठी असे बोलणे असते. आपल्या दुसऱ्या भेटीसाठी तर याहून सोपे, 'जालें?' एवढेच विचारावे. चालणे झाले का, असा त्याचा अर्थ, म्हणजे पहिल्या भेटीचे स्मरणही त्यात आले.

सकाळचा फिरस्ता, पणजी

सर्वांचे आभार. आज लांबून हात वर केला, त्यांनीही केला, आणि दोघांनीही निर्धास्तपणे समुद्र पाहिला. जवळ आल्यावर मी 'जालें?' असे विचारले. ते प्रसन्नपणे म्हणाले, 'ना, आनीक एक फेरी आसा.' मलाही अजून एक फेरी मारायची होती; ती सोडून मी घरी आलो.